शेजारचे आजोबा चांगले आहेत, मग मत तिकडे का देतात?

प्रश्न विचारणारा तरुण मूळचा कागलचा. तीन वर्षांपासून जर्मनीत, सॅक्सनी राज्यातल्या एका छोट्या गावात इंजिनिअर म्हणून नोकरी करतो. त्याने लिहिलंय ते थोडक्यात असं. शेजारी सत्तरी ओलांडलेले एक आजोबा राहतात. पार्सल आलं तर ठेवून घेतात. पहिल्या हिवाळ्यात दारापुढचा बर्फ कसा ओढायचा हे त्यांनीच दाखवलं. आईने पाठवलेल्या चकल्या मागून घेऊन खाल्ल्या. आणि हेच आजोबा एएफडीला, म्हणजे 'जर्मनीसाठी पर्याय' या अतिउजव्या पक्षाला मत देतात. एकदा धीर करून विचारलं तर म्हणाले, "ते तुझ्याबद्दल नाही रे." तरुणाचा प्रश्न असा, की हा माणूस आतून वाईट आहे की भोळा आहे, आणि जगभर एवढी माणसं तिकडे का ओढली जाताहेत?

मी कोल्हापुरात 29 वर्षं राज्यशास्त्र शिकवलं. निवडणुकीच्या सर्वेक्षणांसाठी करवीर, शाहूवाडी, इचलकरंजी भागात विद्यार्थ्यांना घेऊन दारोदार फिरले. 2018 साली एका अभ्यासगटाबरोबर चार महिने तुमच्याच सॅक्सनीत होते, दुभाषी मुलगी सोबत घेऊन लोकांच्या स्वयंपाकघरांत बसून बोलत होते. त्या दोन्ही अनुभवांच्या जोरावर लिहिते आहे.

'वाईट की भोळा' या प्रश्नात एक गोष्ट गृहीत धरलेली आहे, की कारण त्या माणसाच्या आतच कुठेतरी आहे. सर्वेक्षणाची पहिली दोन-तीन वर्षं मीही असंच धरून चालत होते. कोण किती शिकलेलं, कोण किती कमावतं, कोणाला काय समजत नाही, याच्या वह्या भरत होते. पुढे एकच प्रश्न जास्त उपयोगी पडला. या माणसाला तो पक्ष असं काय देतो, जे त्याला दुसरीकडे कुठेच मिळत नाही? आजोबांबद्दल तुम्हीही हाच प्रश्न विचारून बघा.

आधी शब्दाचा घोळ काढते. आपल्याकडची वर्तमानपत्रं पॉप्युलिझमला 'लोकानुनय' म्हणतात, आणि वाचणाऱ्याच्या डोळ्यांपुढे वीजबिल माफी नाहीतर साडीवाटप येतं. तो अर्थ इथे चालत नाही. मी वर्गात 'लोकवाद' म्हणायची. लोकवादी माणूस सांगतो, की समाजात एका बाजूला साधे, कष्टाळू, सच्चे लोक आहेत, दुसऱ्या बाजूला वर बसलेली लबाड मंडळी आहेत, आणि सच्च्या लोकांच्या वतीने बोलण्याचा हक्क एकट्या आमचा आहे. डावा लोकवाद बहुतेक वेळा इथेच थांबतो, त्याचं भांडण वरच्याशी असतं. उजवा लोकवाद त्यात तिसरं पात्र आणतो. वरचे लबाड तुमच्या ताटातलं काढून बाजूच्या परक्याला वाढताहेत, असं तो सांगतो. राग वरही जातो आणि बाजूलाही. डच अभ्यासक कास मुड्डे या पक्षांची तीन लक्षणं सांगतात: देश फक्त मूळच्यांचा, शिस्त आणि शिक्षा कडक हवी, आणि हा लोकवाद. निवडणुका मान्य करून अल्पसंख्याकांचे हक्क, न्यायालयं, पत्रकार यांना मात्र अडसर मानणारे पक्ष ते वेगळे काढतात, आणि लोकशाहीच नको म्हणणारे गट वेगळे. आजोबांचा विचार करताना हा फरक हाताशी असू द्या. मात्र ही सीमारेषा भक्कम भिंत आहे असं समजू नका. त्याच्याकडे मी पुढे येते.

आता, कुठे काय कारण चालतं ते देशादेशांवर अवलंबून आहे आणि ते झाकून एकच उत्तर देणं खोटं होईल. "गरिबी वाढली की लोक उजवीकडे जातात" हे वाक्य मी परीक्षेच्या पेपरांत शेकडो वेळा वाचलं आणि शेकडो वेळा त्याखाली लाल रेघ मारली. स्वीडन गरीब नाही, तिथे 2022 साली स्वीडन डेमोक्रॅट्स या अशाच पक्षाला 20.5 टक्के मतं मिळाली. नेदरलँड्स गरीब नाही, तिथे 2023 साली खेर्ट विल्डर्स यांचा पक्ष 150 पैकी 37 जागा घेऊन पहिला आला. हंगेरीत व्हिक्टर ऑर्बान यांनी 2010 ते 2022 या काळात सलग चार निवडणुका जिंकल्या. तिथे वर बसलेले ते स्वतःच असल्यामुळे लबाड मंडळी ब्रुसेल्समध्ये, म्हणजे युरोपीय संघाच्या मुख्यालयात, शोधावी लागली. ब्रिटनमध्ये 2024 साली रिफॉर्म पक्षाला 14 टक्क्यांवर मतं पडली आणि जागा आल्या पाच, कारण तिथली मतदानाची पद्धत वेगळी. तेव्हा किती लोकांना ओढ आहे आणि किती जागा दिसतात, हे दोन्ही ताडून बघावं लागतं. मी पुढे जे सांगते ते मुख्यतः पूर्व जर्मनीचं आहे, तुमच्या आजोबांच्या मुलखाचं. फ्रान्सच्या किंवा अमेरिकेच्या एखाद्या गावाला ते जसंच्या तसं लावू नका.

माझे थोरले काका शाहू मिलमध्ये जॉबर होते. शाहू महाराजांनी 1906 साली पायाभरणी केलेली ही गिरणी 2003 साली बंद पडली. काका उपाशी राहिले नाहीत. थोडी शेती होती, मुलगा शिरोलीच्या फाउंड्रीत लागला होता. पण त्याआधी भावकीत कुणाचं लग्न ठरलं की याद्यांना काका लागायचे. देण्याघेण्यावरून दोन्हीकडची मंडळी अडून बसली, की काका पानाला चुना लावता लावता एक वाक्य बोलायचे आणि गाडी पुढे सरकायची. गिरणी बंद झाल्यावर दोन-तीन वर्षांत ते थांबलं. लग्नपत्रिका यायची, पण याद्यांना बोलावणं यायचं नाही. कुणी अपमान केला नाही, कुणी ठरवूनही केलं नाही. काका फक्त म्हणायचे, "आता आपल्याला कोण इचारतंय." काकांचा पगार गेला ते त्यांनी सोसलं. हे मात्र त्यांना शेवटपर्यंत सोसलं नाही.

मराठीत याला 'पत' म्हणतात. बँकेतली पत वेगळी आणि चारचौघांतली वेगळी. पूर्व जर्मनीत 1990 नंतर जे झालं ते समजायला मला अर्थशास्त्राच्या तक्त्यांपेक्षा काकांचं ते वाक्य जास्त उपयोगी पडलं.

1990 साली साम्यवादी पूर्व जर्मनी पश्चिम जर्मनीत विलीन झाली. या एकीकरणानंतर पूर्वेकडचे सरकारी उद्योग विकायला किंवा बंद करायला ट्रॉयहांड नावाची संस्था होती. सुमारे 8,500 उद्योग, त्यांतले 40 लाखांच्या आसपास कामगार, आणि 1994 अखेर संस्थेचं काम आटोपलंसुद्धा. एवढ्या मोठ्या समाजाचं कामाचं जग चार-साडेचार वर्षांत उलटंपालटं झालं. त्सिटाउ नावाचं गाव पोलंड आणि चेक सीमेला लागून आहे. तिथे रोबूर नावाचे ट्रक बनत. तिथल्या एका निवृत्त फोरमनच्या घरी मी दोन दुपारी बसले होते. त्यांनी कपाटातून एक तपकिरी फाइल काढली. आत उमेदवारीचं प्रमाणपत्र, फोरमनच्या परीक्षेचं प्रमाणपत्र, कारखान्याने दिलेली प्रशस्तिपत्रं, सगळी प्लास्टिकच्या पिशव्यांत घातलेली. कारखाना बंद झाल्यावर त्यांनी तीनदा नवं प्रशिक्षण घेतलं: विक्रेत्याचं, बागकामाचं आणि पुन्हा विक्रेत्याचं. ते म्हणाले, "पैसे वेळेवर यायचे, त्याबद्दल तक्रार नाही. पण मी 52 वर्षांचा होतो आणि पश्चिमेकडून आलेला 26 वर्षांचा मुलगा मला नोकरीचा अर्ज कसा लिहायचा ते शिकवत होता. त्याने ही फाइल उघडूनसुद्धा बघितली नाही." हे सांगताना त्यांनी माझ्याकडे बघितलं नाही, फाइलीच्या कोपऱ्यावरचं टोक अंगठ्याने सपाट करत राहिले.

त्यांचं मत कुणाला जातं हे मी विचारलं नव्हतं. निघताना त्यांनीच सांगितलं.

अशा घरांतून मुलं, त्यातही मुली, पश्चिमेकडे निघून गेल्या. वाइसवासर नावाचं काचेच्या कारखान्यांचं गाव 1990 नंतर निम्म्याहून कमी झालं. रिकाम्या इमारती पाडून टाकल्या, तिथे आता गवत आहे. शाळा एकत्र केल्या, गाडीचे थांबे कमी झाले. मागे राहिलेल्या माणसाला रोज खिडकीतून दिसतं, की आपलं गाव कुणाला नकोय.

आणि हे सगळं सांगायला कुणी नव्हतं. वर्तमानपत्रं, विद्यापीठं, न्यायालयं, मोठ्या कंपन्या, सगळीकडे वरच्या जागांवर बहुतेक पश्चिमेकडची माणसं आली. पूर्वेच्या माणसाने तक्रार केली की त्याला 'रडका' म्हणायचे, त्यासाठी जर्मनीत खास शब्दच तयार झाला होता. त्यातच देशाच्या कारभाराची एक भाषा रुळली. तेव्हाच्या चॅन्सेलर, म्हणजे सरकारच्या प्रमुख, अँगेला मर्केल यांच्या काळात एक शब्द वारंवार यायचा, त्याचा अर्थ 'याला पर्याय नाही'. युरोचं संकट आलं, ग्रीसला मदत करायची होती, पर्याय नाही असं सांगितलं गेलं. 2013 साली काही अर्थतज्ज्ञांनी युरोच्या विरोधात पक्ष काढला आणि त्याचं नावच 'पर्याय' ठेवलं. तेव्हा त्या पक्षाचा स्थलांतरितांशी फारसा संबंध नव्हता. तो 2015 नंतर जडला, जेव्हा एका वर्षात सुमारे 8 लाख 90 हजार आश्रयार्थी जर्मनीत आले आणि मर्केल म्हणाल्या, "आपण हे करू शकतो." मी त्या वाक्याचा आदर करते. पण त्सिटाउच्या स्वयंपाकघरात बसल्यावर ते वाक्य कसं ऐकू आलं असेल तेही मला कळतं. घरचं झालं थोडं आणि व्याह्यानं धाडलं घोडं, असं. आमच्या शाळेला पैसा नव्हता, आता कुठून आला, हा प्रश्न मला निदान दहा घरांत ऐकायला मिळाला. त्या प्रश्नात द्वेष असेलच असं नाही. पण त्याला सरळ उत्तर मिळालं नाही, तर द्वेषाचं उत्तर घेऊन कुणीतरी दारात उभं असतंच.

अमेरिकन समाजशास्त्रज्ञ आर्ली हॉकशील्ड यांनी लुइझियाना राज्यात पाच वर्षं असंच घरोघर बसून ऐकलं. तिथली माणसं स्वतःला एका लांब रांगेत उभी बघतात आणि पुढे कुणीतरी घुसतंय असं त्यांना वाटतं, असं त्यांनी मांडलं. कोल्हापूरकराला हे वेगळं समजवावं लागत नाही. नवरात्रात अंबाबाईच्या दर्शनाच्या रांगेत चार तास उभं राहिल्यावर पाहुण्यांची एक तुकडी बाजूच्या दाराने आत जाते. राग कुणाचा येतो? आत जाणाऱ्यांचा येतो, कारण ते दिसतात. रांग अशी का लावली, दारं किती ठेवली, पास कुणी वाटले, हे ठरवणारा माणूस दिसत नाही. अतिउजव्या नेत्याचं सगळं कसब त्या दिसणाऱ्या माणसाकडे बोट दाखवण्यात आहे. तुम्ही, तुमच्यासारखे सीरियन, व्हिएतनामी, तुर्की, सगळे दिसणारे.

म्हणूनच "ते तुझ्याबद्दल नाही" हे वाक्य. आजोबा खोटं बोलत नाहीत. त्यांच्या डोक्यात 'परदेशी' नावाचं जे चित्र आहे ते टीव्हीवरून आणि मोबाइलवरून आलेलं आहे, आणि तुम्ही चकल्या घेऊन आलेले शेजारी आहात. ही दोन चित्रं एकमेकांना भेटतच नाहीत. इथे एक गोष्ट लोकांना चक्रावून टाकते: पूर्व जर्मनीत परदेशी लोकांचं प्रमाण पश्चिमेपेक्षा कमी आहे, तरी मतं जास्त. ब्रिटनमध्येही 2016 च्या ब्रेक्झिट मतदानात सगळ्यांत जास्त मिसळलेल्या लंडनने युरोपीय संघात राहायचा कौल दिला, आणि लिंकनशायरमधल्या बोस्टन या लहान गावाने 75.6 टक्क्यांनी बाहेर पडायचा. बोस्टनमध्ये शेतमालाच्या कामासाठी पूर्व युरोपातली माणसं थोड्या वर्षांत एकदम आली होती. म्हणजे एकूण संख्या किती, यापेक्षा बदल किती वेगाने आला आणि ज्याच्या दारात आला त्याला कुणी विचारलं का, याला जास्त महत्त्व आहे. जिथे बदल आलाच नाही, तिथे तो येणार आहे ही भीती पुरते.

आता मला जे सगळ्यांत महत्त्वाचं वाटतं ते सांगते. ते मला मराठीमुळे कळलं, जर्मनांना जर्मनमध्ये ते सांगताना मला फार कष्ट पडले.

ऑक्टोबर 1989 मध्ये लाइपझिगच्या रस्त्यांवर हजारो माणसं चालत होती. 9 ऑक्टोबरला सुमारे 70 हजार होती. समोर बंदुका होत्या. ती माणसं एक घोषणा देत होती, तिचा साधा अर्थ 'जनता आम्ही आहोत'. जनतेच्या नावाने चाळीस वर्षं कारभार करणाऱ्या सरकारला ती सांगत होती, की आम्हालाही मोजा, जनता म्हणतात ते आम्हीही आहोत. महिनाभरात बर्लिनची भिंत पडली. पंचवीस वर्षांनी, ऑक्टोबर 2014 पासून, ड्रेस्डेनमध्ये सोमवारी संध्याकाळी पेगिडा नावाच्या आंदोलनाचे मोर्चे निघू लागले, इस्लामच्या आणि स्थलांतरितांच्या विरोधात. वार तोच, सोमवार. घोषणाही तीच, अक्षराचासुद्धा फरक नाही. पण अर्थ झाला 'जनता आम्हीच आहोत'. तुम्ही नाही, ते नाहीत, जे आमच्याशी सहमत नाहीत तेही नाहीत. जर्मनमध्ये हा फरक सांगायला परिच्छेद लागतो. मराठीत एक अक्षर पुरतं. 'आम्हीही' ही लोकशाहीतली सगळ्यांत रास्त मागणी आहे. माझ्या काकांची तीच होती, त्सिटाउच्या फोरमनची तीच होती. अतिउजवा पक्ष ती मागणी उचलतो आणि माणसाच्या हातात परत देताना तिचा 'ही' काढून 'च' लावून देतो. मागणाऱ्याला वाटतं आपलीच वस्तू परत मिळाली. जास्तच मिळाली, असंही वाटतं.

त्या 'च'ची गोडी कमी समजू नका. ज्याला पंचवीस वर्षं कुणी विचारलं नाही, त्याला कुणीतरी सांगतं, की देशाचा खरा मालक तू आहेस. त्यासाठी काही शिकायला, काही कमवायला लागत नाही, जन्म पुरतो. हे फुकट मिळालेलं मोठेपण आहे, आणि ते सोडायला लावणं पगार सोडायला लावण्याइतकंच कठीण जातं.

दुसरी गोष्ट सोबतीची. या भागातल्या कित्येक गावांत इतर पक्षांची कचेरी नाही, माणूस नाही. हा पक्ष मात्र आठवडी बाजारात टेबल मांडतो, बिअरच्या दुकानात संध्याकाळी बसकण ठेवतो, तरुण मुलांसाठी मोबाइलवर इतर पक्षांच्या कितीतरी आधी पोचलेला आहे. यातला मोबाइलचा भाग सगळीकडे खूप लिहिला जातो, म्हणून मी तो सोडते. माझ्या अनुभवात मोबाइल निरोप देतो, माणूस खेचायला माणूसच लागतो.

हे मला कोल्हापुरातच कळलं. 7 जून 2023 रोजी समाजमाध्यमावरच्या काही स्टेटसवरून इथे बंद पुकारला गेला, शिवाजी चौकात जमाव जमला, दगडफेक झाली, लाठीमार झाला, इंटरनेट बंद केलं. अवघ्या तेरा महिन्यांपूर्वी, 6 मे 2022 ला, शाहू महाराजांच्या स्मृतिशताब्दीला हेच शहर सकाळी 10 वाजता 100 सेकंद जागच्या जागी स्तब्ध उभं राहिलं होतं. त्या जूननंतर माझा एक जुना विद्यार्थी घरी आला. शिरोलीत कंत्राटावर कामाला, सहा-सहा महिन्यांची ऑर्डर. तो जमावात होता. म्हणाला, "मॅडम, घोषणा काय होत्या त्या निम्म्या मला आठवतबी नाहीत. गल्लीतल्या दादानं खांद्यावर हात टाकला आन म्हणाला, तू पायजेस बघ आमच्यात. मला असं कुणी म्हणालंच नव्हतं ओ कधी." आणि तोच मुलगा वर्षभरापूर्वी शंभर सेकंदांसाठी गाडी बंद करून रस्त्यात उभा राहिला होता, हेही त्याने सांगितलं. दोन्ही वेळा तो खरा होता.

मला त्याची दया आली. त्याआधी मी एक दुकान पाहून आले होते. टेलरचं. शाळा उघडायच्या होत्या, टेबलावर अर्धवट शिवलेले गणवेश पडले होते आणि त्यांत काचा घुसल्या होत्या. टेलर एकेक सदरा उजेडाकडे धरून, झटकून, शिवणीवरून बोट फिरवून बघत होता, कारण एखादी कणी राहिली तर पोराला लागेल. मुलाचं बोलणं ऐकताना माझ्या डोळ्यांपुढून ते गणवेश हलले नाहीत, आणि मी त्याला तसं सांगितलं. तो गप्प बसला. चहा तसाच ठेवून गेला, पण पुढच्या महिन्यात परत आला.

सोबतीची भूक वाईट नसते हे सांगायला मला लांब जावं लागत नाही. आमच्या पेठांतल्या तालमींनी ती पिढ्यान्‌पिढ्या भागवली. कुस्ती, फुटबॉल, गणपती, आणि कित्येक तालमींत मोहरमचे पंजेही. आमच्याच जिल्ह्यातल्या कुरुंदवाडला मशिदीत गणपती बसतो. खांद्यावरचा हात तोच आहे. तो आधी कुणी टाकला आणि माणसाला कुठे नेलं, यावर पुढचं सगळं ठरतं. पूर्व जर्मनीत कारखान्याबरोबर कारखान्याचं क्रीडामंडळ गेलं, गायनमंडळ गेलं, सहलीचं घर गेलं. त्या रिकाम्या जागेत पहिला हात कुणी टाकला ते आता मतपेटीत दिसतं. फेब्रुवारी 2025 च्या निवडणुकीत एएफडीला देशभर 20.8 टक्के मतं पडली, सॅक्सनीत मात्र 37 टक्क्यांवर.

मघाशी सीमारेषेबद्दल म्हटलं होतं. सॅक्सनीच्या संविधान-रक्षण खात्याने डिसेंबर 2023 मध्ये एएफडीची त्या राज्यातली शाखा 'निश्चितपणे अतिरेकी उजवी' ठरवली. जानेवारी 2024 मध्ये पत्रकारांनी पोट्सडॅमजवळच्या एका बैठकीची बातमी फोडली. त्या पक्षाची काही माणसं हजर असलेल्या त्या बैठकीत लाखो लोकांना देशाबाहेर पाठवण्याची चर्चा झाली, नागरिकत्व असलेल्यांनासुद्धा, असं त्या बातमीत होतं. त्यानंतर जर्मनीत लाखो माणसं निषेधाला रस्त्यावर आली, हेही लक्षात ठेवा. ती माणसंही तुमचे शेजारी आहेत, पूर्वेतसुद्धा. तेव्हा आजोबांच्या मनात तुमच्याबद्दल माया असली, तरी त्यांच्या मताचा उपयोग कोण कशासाठी करणार आहे, ते आजोबांच्या मनावर अवलंबून नाही. मत पेटीत पडलं की ते पक्षाचं होतं. आजोबांना समजून घेताना ही गोष्ट गिळून टाकायची गरज नाही.

आणि सगळेच आजोबांसारखे नसतात. काही मतदार अगदी विचारपूर्वक, वंशाच्या श्रेष्ठत्वावर विश्वास ठेवून मत देतात. त्यांची पत वगैरे काही गेलेली नसते, गाडी-बंगला असतो. मी सॅक्सनीत अशा माणसांनाही भेटले. त्यांच्या घरातून मी लवकर उठले. माझं वरचं स्पष्टीकरण त्यांना लागू नाही आणि ते लावून त्यांच्या विचारांना सहानुभूतीचं पांघरूण घालू नये.

तुम्ही काय करावं? माझं मत सांगते, निर्णय तुमचा. पहिलं म्हणजे, आजोबांना बदलण्याची जबाबदारी तुमची नाही. ज्याच्यावर घाव पडायचा त्यानेच समजूत घालत फिरावं, ही अपेक्षा अन्यायाची आहे. गावात रात्री कुठे जायचं, कुठे नाही, याबद्दल तिथल्या इतर परदेशी मंडळींचं ऐका आणि त्यात भिडस्तपणा ठेवू नका.

बोलायची इच्छा असेल तर आकड्यांनी सुरुवात करू नका. मी सुरुवातीच्या काळात ती चूक पुष्कळदा केली. स्थलांतरित किती कर भरतात याचा तक्ता पुढे केला की समोरचा माणूस पुन्हा त्या अर्ज लिहायला शिकवणाऱ्या पोरासमोर बसतो. त्याऐवजी त्यांच्या कामाबद्दल विचारा. 1990 पूर्वी काय करत होते, कुठे शिकले, कारखान्यात सकाळची पाळी कितीची. त्यांच्याकडे अशी एखादी फाइल असेल तर ती बघायला मागा, आणि खरोखर बघा. तुम्ही इंजिनिअर आहात, तुम्हाला त्यातलं कळेल. त्या बोलण्यातून मत बदलेलच असं मी सांगणार नाही. सहा-सात घरांत मला बोलण्याचा सूर बदललेला दिसला, बाकी ठिकाणी नाही.

मग कधीतरी तुमची बाजूही त्यांना स्पष्ट सांगा. आदराने, पण आडपडदा न ठेवता. "तुम्ही म्हणता ते माझ्याबद्दल नाही. पण त्या पक्षाच्या कागदात माझं नाव वेगळं काढलेलं नसतं." एवढं वाक्य जर्मनमध्ये नीट बसवून ठेवा. हे वाक्य त्यांच्या डोक्यातल्या त्या दोन चित्रांना एकमेकांसमोर उभं करतं, आणि ते काम तक्त्याने होत नाही. ते रागावतील, गप्प बसतील, किंवा विषय बदलतील. माझा तो विद्यार्थी परत यायला महिना लागला होता.

आणि एक विचारा. 1989 च्या शरद ऋतूत ते कुठे होते? त्या वयाची तुमच्या भागातली पुष्कळ माणसं सोमवारच्या त्या मोर्च्यांत चालली होती. आजोबा त्यांत असतील, तर त्या संध्याकाळी शेजारून कोण कोण चालत होतं, भीती वाटली होती का, घोषणा पहिल्यांदा ओठांवर आली तेव्हा तिचा अर्थ त्यांना काय वाटला होता, हे त्यांच्या तोंडून ऐका. मी फोरमनना तेच विचारलं होतं. ते उठले, खिडकीपाशी गेले आणि बराच वेळ उभे राहिले. म्हणाले, "तेव्हा आम्ही कुणाला घालवायला निघालो नव्हतो. आम्हाला ऐकायला हवं होतं कुणीतरी." मग त्यांनी फाइल परत पिशवीत घातली आणि आम्हाला थांब्यापर्यंत सोडायला आले, कारण शेवटची गाडी चारलाच होती.